मराठीचं गायरान

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी मोबाइल ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होतं. वर्तमानपत्रांनी त्या निर्णयाकडे सीमेवरच्या तणावाच्या अंगाने पाहिलं आणि ते साहजिकही होतं. पण त्या ॲपवर तोवर एक वेगळीच मराठी वस्ती उभी राहिली होती. बांधावर उभं राहून संवाद म्हणणारी पोरं, चुलीपुढे बसून सिनेमातल्या प्रसंगाची नक्कल करणाऱ्या बायका, उसाच्या फडात गाण्यावर ओठ हलवणारी जोडपी, एसटी स्टँडवर नाचणारे कॉलेजकुमार. यांतल्या अनेकांचा कॅमेऱ्याशी आलेला तो पहिलाच संबंध होता. संपादक, निर्माता, वाहिनी यांपैकी कोणाच्याही दारात न जाता त्यांना प्रेक्षक मिळाले होते. बंदी आली आणि ती वस्ती उठली. ज्यांना जमलं ते दुसऱ्या ॲपवर गेले, ज्यांना जमलं नाही ते गप्प झाले. त्या छोट्या चित्रफितींमधली बोली, लकबी, विनोद, खाली आलेल्या प्रतिक्रिया हे सगळं जपून ठेवण्याची कोणतीच सोय आपण आधी करून ठेवलेली नव्हती.

असं होण्याची ती पहिली वेळ नव्हती आणि शेवटचीही नव्हती. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, १५ डिसेंबर २०२० ला याहू ग्रुप्स. त्या दोन्ही ठिकाणी मराठी माणसं कविता, किल्ले, नाट्यसंगीत, परदेशातली नोकरी आणि घरच्या आठवणी यांवर वर्षानुवर्षं लिहीत होती. प्रत्येक वेळी कंपनीने आपल्या हिशेबाने दुकान बंद केलं आणि आपल्या भाषेचा एकेक तुकडा त्याबरोबर गेला.

मी याच काळात वाढले. व्हिडिओचं संकलन, शीर्षकांची अक्षररचना आणि सबटायटल ही माझी रोजची कामं आहेत. माझ्या पिढीच्या बहुतेक कलाकारांचं पोट आणि नाव अशाच परक्या मालकीच्या जागांवर अवलंबून आहे. म्हणून हा लेख लिहिताना मी एकच गोष्ट शोधत गेले. आजवर इंटरनेटवर मराठीचं जे टिकलं, ते कशामुळे टिकलं?

उत्तर मला गावच्या गायरानात दिसलं. गावात प्रत्येकाचं आपापलं शेत असतं, पण थोडी जमीन अशी असते जी कोणा एकाची नसते आणि जिच्यावर सगळ्यांचीच गुरं चरतात. मराठीचंही इंटरनेटवर असं गायरान आहे. अक्षरांचं प्रमाणीकरण, मोफत फॉन्ट, टंकलेखनाची साधनं, मुक्त ज्ञानकोश, ओव्यांचे आणि आवाजांचे खुले साठे. आपण दिवसरात्र ते वापरतो, पण ते कोणी राखलं हे आपल्याला ठाऊक नसतं. माझ्या पिढीने त्यात काही भर घातली नाही, तर आपल्या कामाचं भवितव्य टिकटॉकवरच्या त्या वस्तीपेक्षा वेगळं असणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

बोलींचा सुकाळ

आधी जे बहरलं आहे त्याबद्दल. कारण ते खरोखर बहरलं आहे.

२००९ मध्ये मधुरा बाचल यांनी अमेरिकेत असताना पाककृतींचं यूट्यूब चॅनल सुरू केलं आणि पुढे त्याचं मराठी रूप घराघरांत पोचलं. २०१६ मध्ये सारंग साठ्ये, पॉला मॅकग्लिन आणि अनुषा नंदकुमार यांनी भाडिपा, म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी, सुरू केली. रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडे यांची आई-मुलाची जोडी पाहताना शहरी मराठी तरुणांना पडद्यावर आपलं स्वतःचं घर दिसलं. त्या संवादांत इंग्रजी शब्द होते, अर्धवट सोडलेली वाक्यं होती, आणि आई रागावल्यावर जशी बोलते तशीच आई बोलत होती. मालिकांमधल्या घोटीव मराठीनंतर हे ऐकणं म्हणजे मोठी सुटका होती.

त्याहून मोठी गोष्ट पुण्या-मुंबईबाहेर घडली. ‘गावाकडच्या गोष्टी’सारख्या मालिका पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत, गावच्याच बोलीत उभ्या राहिल्या. बारामती तालुक्यातून ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ आली. खेड्यातलं बोलणं मराठी पडद्यावर पूर्वीही होतंच, पण बहुतेक वेळा ते गड्याच्या, मोलकरणीच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी असायचं. इथे सगळीच पात्रं ती बोली बोलतात. शहाणाही, लबाडही, सरपंचही, प्रेमात पडलेली मुलगीही. ऐकणाऱ्याला आपल्या बोलण्याची लाज वाटेनाशी होते, आणि हे काम शाळेच्या पाठ्यपुस्तकांना जमलेलं नव्हतं.

गाण्यातही हेच झालं. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. त्या गटाने आरेच्या जंगलातले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. अमरावतीचा ‘१०० आरबीएच’ वऱ्हाडीत शब्द फेकतो तेव्हा त्या बोलीचा ठसकाच ताल होऊन येतो. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने प्रकाशित केलं आणि ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही अशी माणसं त्यावर नाचली.

हा सगळा आनंद माझा आहे आणि मला तो कमी करायचा नाही. पण ही सगळी कामं ज्या जागांवर उभी आहेत त्यांचे नियम आपल्या हातात नाहीत. कोणता व्हिडिओ कोणासमोर न्यायचा हे कंपनीची आज्ञावली ठरवते. उभी चौकट चालू झाली की आडव्या चौकटीत काम करणाऱ्याला उभं काम करावं लागतं. पहिल्या काही क्षणांत माणूस थांबला नाही तर व्हिडिओ पुढे सरकत नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट धक्क्याने सुरू होते. संथ लयीत गोष्ट सांगण्याची जी आपली रीत आहे, आधी वाट सांगायची, मग गाव, मग माणूस, ती या जागेत बसत नाही. संकलनाच्या टेबलावर मला हे रोज जाणवतं. पाहुण्याने बोलण्याआधी घेतलेला श्वास कापा, असं मला सांगितलं जातं. त्या श्वासातच कधी कधी त्याचं सगळं म्हणणं असतं.

अक्षरांची जमीन

आता गायरानाकडे. त्याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात दुर्लक्षित तुकडा म्हणजे अक्षरं.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे सुबक खिळे घडवले आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांना छापील अक्षराची सवय लावली. संगणक आला तेव्हा ते काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. १९९० च्या दशकात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम अशा प्रणालींवर मराठी डीटीपीचा व्यवसाय उभा राहिला. पुस्तकं, पत्रिका, दिवाळी अंक सगळं त्यांवर जुळवलं जाऊ लागलं. पण प्रत्येक प्रणालीची आतली सांकेतिक रचना निराळी होती. एका फॉन्टमध्ये ‘क’ ज्या क्रमांकावर होता तिथे दुसऱ्यात भलतंच अक्षर असायचं. मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेला की पानभर चिन्हांची खिचडी व्हायची. त्या काळातल्या कितीतरी मजकुराच्या फाइल आजही जुन्या डिस्कवर आहेत, पण फॉन्ट नसेल तर त्या उघडूनही वाचता येत नाहीत. छापील अंक कपाटात आहे म्हणून तो मजकूर टिकला.

यातून बाहेर काढलं युनिकोडने. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक द्यायचा, ही त्यामागची कल्पना. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे आणि तिची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणकावर बेतलेली आहे. पण क्रमांक मिळाल्याने अक्षर दिसत नाही. त्याला रूप द्यावं लागतं, जोडाक्षरं कुठे कशी जुळतील हे यंत्राला शिकवावं लागतं. विंडोज २००० मधून ‘मंगल’ हा फॉन्ट सर्वदूर पोचला. तो घडवला होता र. कृ. जोशी यांनी.

मला माझ्या व्यवसायातला पूर्वज निवडायला सांगितलं तर मी र. कृं.चं नाव घेईन. १९३६ साली जन्मलेला हा माणूस कवी होता, सुलेखनकार होता, उल्का या जाहिरातसंस्थेत कला दिग्दर्शक होता, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिक्षक होता. पुढे एनसीएसटी या सरकारी संस्थेत त्यांनी भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम केलं. ‘रघु’ हा फॉन्ट तिथलाच, आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवलेला होता. जाहिरातीत मिळवलेली नजर त्यांनी अक्षरांच्या पायाभूत कामाला दिली. २००८ मध्ये ते गेले. ज्या काळात मराठीत संगणकावर लिहिणं म्हणजे मंगलमध्ये लिहिणं होतं, त्या काळात लाखो लोकांनी त्यांचं अक्षर रोज वाचलं, आणि बहुतेकांना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

युनिकोड आल्यावरही मराठीच्या वाट्याला काही खास अडचणी होत्या. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. ॲसिड, ॲल्युमिनियम, ॲप असं लिहायला ते लागतंच. पण त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ च्या ५.१ आवृत्तीत. तोपर्यंत लोक ‘अ’पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह टाकून वर चंद्र बसवत, आणि तो चंद्र कधी कधी ‘अ’वरून घसरून ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसे. ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र असाच. नेहमीचा रफार त्याच्या जागी चालत नाही, त्यासाठी ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराचा आधार घ्यावा लागतो. हे साध्य व्हायला कोणाला तरी प्रस्ताव लिहावे लागतात, नमुने जोडावे लागतात, परदेशी तज्ज्ञांना मराठी वाचकाची गरज पटवून द्यावी लागते. त्या कामाला ना टाळ्या मिळतात, ना लाइक.

मग अक्षराच्या वळणाचा प्रश्न. पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठी वळण आहे. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेचं प्रमाणीकरण केलं तेव्हा त्याची दखल घेतली. पण बहुतेक फॉन्ट मूळ हिंदीसाठी घडवले जात आणि त्यांत दांडीचा ल येत असे. आजच्या चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे एवढं यंत्राला सांगितलं की फॉन्ट आपोआप मराठी ल आणि श पुढे करतो. ही सोय अनेक अभिकल्पकांनाही माहीत नसते, म्हणून रस्त्यावरच्या फलकांपासून सरकारी जाहिरातींपर्यंत परकं वळण दिसत राहतं. सबटायटल करताना मी आधी भाषेची ती खूण लावते. पाहणाऱ्याला कदाचित कारण सांगता येणार नाही, पण वाचताना ओळ त्याच्या डोळ्यांना घरची वाटते.

या तुकड्यावर अलीकडे सगळ्यात उदार काम झालं ते मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेकडून. त्यांचे मुक्त, बालू, मोदक, गोटू हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहेत. कोणीही उतरवून घ्यावे, वापरावे, हवे तर बदलावे. बालू तर अनेक भारतीय लिप्यांत आहे. एका फॉन्टला शेकडो जोडाक्षरं लागतात, प्रत्येकाची जाडी, पोकळी आणि शेजारच्या अक्षरापासूनचं अंतर हाताने जुळवावं लागतं, आणि त्यात महिनोन्महिने जातात. ते झाल्यावर नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावचा फ्लेक्सवाला, गडचिरोलीतली शिक्षिका आणि लंडनचं महाराष्ट्र मंडळ एकाच तोलाचं अक्षर वापरू शकतात. गायरान म्हणतात ते याला.

ज्ञान आणि ओव्या

दुसरा तुकडा मजकुराचा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्याआधी मराठीला ज्ञानकोशांची मोठी परंपरा होती. श्री. व्यं. केतकरांनी १९२० च्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि पुढे तो २० खंडांपर्यंत गेला. आज विश्वकोश जालावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. विश्वकोशाच्या नोंदी जाणकारांनी लिहिल्या. विकिपीडियाची नोंद कोणीही लिहू शकतो, आणि म्हणूनच ती लिहिण्याची जबाबदारीही सगळ्यांवर येते. आपल्या तालुक्यातली नदी, आपल्या जातीची कुलदैवतं, आपल्या गावच्या तमाशाचा फड यांच्यावर मराठीत नोंद नसेल, तर त्याचा दोष विकिपीडियाकडे जात नाही. ती लिहिण्यासारखं ज्याच्याकडे आहे, त्याने ती अजून लिहिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या तुकड्यावरचं मला सगळ्यात हलवून सोडणारं काम जात्यावरच्या ओव्यांचं आहे. १९८० च्या दशकात पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गावोगावच्या कार्यकर्त्या बायका त्यात सहभागी होत्या. फ्रान्सचे संगणकतज्ज्ञ आणि संगीताभ्यासक बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रण आणि माहितीसाठ्याची व्यवस्था लावली. एक हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून अधिक बायकांच्या तोंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. प्रत्येक ओवीला विषय, गाव आणि गाणारीचं नाव जोडलेलं. पॉइतवॅं २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. पुढे पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हा ठेवा हाती घेतला आणि २०१७ पासून त्या ओव्या आवाज, चित्रफीत, मजकूर आणि भाषांतर अशा रूपात जगापुढे येऊ लागल्या.

या प्रकल्पातून माझ्यासारखीने काय शिकावं? पहाटेच्या जात्यावर दोघी-तिघी बसून एकमेकींच्या ओळीला ओळ जोडत. भाऊ, सासर, पंढरी, सीता, बाबासाहेब, नवऱ्याचा मार, मेलेलं मूल, सगळं त्यात येई. ऐकायला घरात कोणी जागं असो वा नसो. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातं थांबलं, म्हणजे ते गाणं म्हणण्याची जागाच गेली. तरीही शब्द राहिले, कारण कोणीतरी वेळेवर जाऊन नाव-गावासकट लिहून घेतलं आणि तो साठा आपल्यापुरता कुलूपबंद केला नाही. आज गिरणीच्या जागी ॲप म्हणा. आपल्या पिढीची गाणी, शिव्या, थट्टा, प्रेमपत्रं ज्या जागेत चालली आहेत ती जागा उद्या उठेल. तेव्हा आपलं म्हणणं नाव-गावासकट लिहून घेणारं कोण असेल?

यंत्राची मराठी

तिसरा तुकडा नवा आहे आणि त्यावर सध्या सगळ्यात जास्त घाई चालली आहे. यंत्रं भाषा शिकत आहेत. २०१३ मध्ये गूगलच्या भाषांतरात मराठी आली, २०१७ मध्ये बोलून टंकण्याची सोय मराठीत आली. आता तर यंत्राला मराठीत पत्र लिहायला सांगता येतं. यंत्र शिकतं ते आपण लिहिलेल्या आणि बोललेल्या साठ्यांतून. म्हणून त्या साठ्यात कोणाची मराठी आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पुण्याच्या ‘एल३क्यूब’ या गटाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन मराठीसाठी खुले साठे तयार केले आहेत. २०२१ मध्ये त्यांनी सुमारे १६,००० मराठी ट्विटचा भावनांनुसार वर्गीकरण केलेला संच प्रकाशित केला. २०२२ च्या ‘महाकॉर्पस’मध्ये २ कोटी ४८ लाख वाक्यं आहेत. विशी-बाविशीतल्या मुलांनी एकेक ट्विट वाचून ते सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ हे ठरवलं, आणि केलेलं काम जगाला देऊन टाकलं. हे वाचून मला माझ्या पिढीचा अभिमान वाटतो.

पण महाकॉर्पसचा बहुतेक भाग बातम्यांच्या संकेतस्थळांवरून आलेला आहे. त्यांच्याकडे दुसरा मार्गही नव्हता, कारण युनिकोडमध्ये, खुलेपणाने, भरपूर प्रमाणात मिळते ती बातम्यांचीच मराठी. ज्या बोलींच्या बहराबद्दल मी सुरुवातीला लिहिलं, त्या सगळ्या व्हिडिओच्या आवाजात आहेत. त्यांचा मजकूर कुठेच नाही. परिणामी यंत्राला मंत्र्यांच्या दौऱ्याची भाषा चांगली येते आणि वऱ्हाडातल्या आजीचं वाक्य कळत नाही. आपोआप येणाऱ्या मराठी सबटायटलमध्ये मालवणी किंवा अहिराणी संवादांचं जे होतं ते मी रोज निस्तरते. कंपनीला दोष देऊन भागणार नाही. त्या बोलीत लिहिलेला मजकूर आपणच ठेवलेला नाही.

मोझिला या संस्थेने २०१७ मध्ये ‘कॉमन व्हॉइस’ सुरू केलं. तिथे कोणीही एक वाक्य वाचून आपला आवाज दान करू शकतो आणि दुसरा कोणी तो ऐकून बरोबर की चूक ते सांगतो. जमा झालेले आवाज सगळ्यांना खुले असतात. मराठीही तिथे आहे. जेवल्यावर दहा मिनिटं काढून वीस वाक्यं वाचणं हे काम कोणालाही जमण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या, नांदेडच्या, बेळगावच्या, बडोद्याच्या आवाजांनी तो साठा भरला तर यंत्राचा कान बदलेल.

कोणी राबायचं?

इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. गायरान राखायचं कोणी? फुकट काम करायला मोकळा वेळ लागतो, बरा संगणक लागतो, घरचं भाडं कोणीतरी भरत असावं लागतं. या सोयी ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्यांनीच मुक्त साठे भरले, तर त्या साठ्यांत त्यांचंच जग भरतं. हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये सत्याग्रह केले, ते पडीक आणि सरकारी जमिनी कसायला मिळाव्यात म्हणून. जमीन सामाईक आहे एवढं म्हटल्याने ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हा त्या लढ्याचा धडा आहे. अक्षरांच्या आणि मजकुराच्या गायरानालाही तो लागू पडतो. पालावर राहणाऱ्या मुलीच्या भाषेची नोंद घ्यायची तर तिलाच त्या कामाचे पैसे आणि श्रेय मिळायला हवं. तिच्याकडून शब्द गोळा करून आपल्या नावाने कोश काढण्याचे दिवस संपले पाहिजेत.

पैसा नाही असं मला वाटत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निमित्ताने सोहळे झाले, फलक लागले. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा सांगितली. एवढ्या मोठ्या समाजाने ठरवलं तर दरवर्षी काही तरुणांना बोलींचं लेखन, फॉन्ट, सबटायटल, विकिपीडियाच्या नोंदी आणि जुन्या मजकुराचं युनिकोडीकरण यांसाठी पगार देणं अवघड नाही. साहित्य संस्था, विद्यापीठं, परदेशातली महाराष्ट्र मंडळं, गणेशोत्सव मंडळं, जिल्हा ग्रंथालयं यांतलं प्रत्येक जण एकेक तुकडा उचलू शकतं. अट एकच असावी. सार्वजनिक पैशाने झालेलं काम सार्वजनिक राहील.

आणि आम्ही कलाकारांनी काय करावं? मी माझ्यापुरते काही नियम केले आहेत आणि मित्रमैत्रिणींनाही तेच सांगते. व्हिडिओ प्रसिद्ध करताना त्याचा पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये, बोली जशीच्या तशी ठेवून, वेगळा जपावा. कोणत्या गावची बोली आहे, कोण बोललं, कोणी लिहिलं याची नोंद त्यात असावी. मूळ फाइल आपल्या ताब्यात ठेवावी आणि ती ॲपच्या भरवशावर सोडू नये. करार करताना मजकुरावरचा आपला हक्क सरसकट लिहून देऊ नये. जे काम करून पैसे मिळून गेले आहेत आणि ज्याचं आता बाजारात काही होणार नाही, ते मुक्त परवान्याखाली द्यावं. मुलाखत घेतली तर त्या माणसाच्या परवानगीने तिचा आवाज खुल्या साठ्यात ठेवावा. यांतल्या एकाही गोष्टीला प्रतिभा लागत नाही. लागते ती शिस्त, आणि आपलं काम आपल्यानंतरही कोणाच्या उपयोगी पडावं ही इच्छा.

दिवाळी अंकांकडेही माझं एक मागणं आहे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी समाजाने दरवर्षी आपल्या लेखक-चित्रकारांना एक हक्काची जागा दिली आहे. या जागेचे मालक आपण आहोत, तिचे नियम आपणच ठरवतो, आणि इथे संथ गोष्ट सांगायला अजून वाव आहे. संपादकांनी आपले जुने अंक युनिकोडमध्ये आणावेत, लेखकांच्या संमतीने ते वाचायला खुले करावेत, आणि तरुणांना त्या कामाचं मानधन द्यावं. शंभर वर्षांहून जुनी ही परंपरा मराठीच्या गायरानात सामील झाली, तर पुढची पिढी आपल्या भाषेच्या शोधात इंटरनेटवर येईल तेव्हा तिला बातम्या आणि जाहिराती यांच्या पलीकडची मराठी सापडेल. ही जमीन राखण्याचं काम आता आमच्या वयाच्या लोकांवर आहे, आणि ते आम्ही पगार मागून, नाव लावून आणि सगळ्यांना सोबत घेऊन केलं पाहिजे.